आत्यांचा टॉवेल आणि लांबड्याचं बेट

माझे सासरे रोज सकाळी साडेसहाला काहिलीत बसून ड्यूटीवर जातात. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती, आठ फूट रुंद लोखंडी कढई. आमचं गुऱ्हाळ बंद पडून पंधरा वर्षं झाली, पण काहील अजून धडधाकट आहे आणि सासरेही. आमच्या हिंगणवाडीच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर, कृष्णेच्या पात्रात एक बेट आहे. दीड-दोन एकरांचं असेल. वर करंज, जांभळं, निरगुडीची जाळी आणि साप. गावात होडी कुणाकडे नाही, म्हणून काहील.

काहिलीचं एक आहे, ती सरळ जात नाही. वल्हं मारलं की स्वतःभोवती फिरत फिरत पुढे सरकते. पहिल्यांदा बसले तेव्हा मी बेटाकडे तोंड करून निघाले आणि गावाकडे तोंड करून पोचले. सासरे मात्र मधोमध मांडी घालून असे बसतात की काहील फिरते पण माणूस फिरत नाही, असं वाटावं.

त्यांचं नाव गुंडा. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, तसे तेही मेजर. तोफखान्यात होते. डोंगरावर दगडांच्या आड बसायचं, दुर्बिणीतून समोरची हालचाल टिपायची आणि मागे कळवायची, हे त्यांचं काम. त्या जागेला ते ओपी म्हणतात. बेटावर जांभळीखाली एक सपाट खडक आहे, तो आता त्यांची ओपी. तिथं दोन तास हलायचं नाही, खोकायचं नाही, तंबाखूसुद्धा मळायची नाही. मग वहीत नोंद: 'सात वाजून दहा मिनिटे. धामण, सहा फूट, करंजाच्या मुळीतून बाहेर. सात पंचवीस. ऊन घेते. सात चाळीस. दिवड पाण्यात, तोंडात मासा. शत्रूची हालचाल नाही.' शत्रू कोण असं मी विचारलं, तर म्हणाले, "मुंगूस."

मी क्रांती, त्यांची सून. माहेर रहिमतपूरचं, नोकरी कडेगावच्या शाळेत, विषय विज्ञान. माझा नवरा धैर्यशील वडलांच्याच वाटेनं फौजेत गेला, सध्या जम्मूकडे आहे. त्यामुळे घरात आम्ही तिघं: मामा, आत्या आणि मी. आमच्याकडे सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात.

आत्या म्हणजे बनुबाई. त्यांच्यासमोर साप हा शब्द उच्चारायचा नाही. लांबडं म्हणायचं. साप म्हटलं की तो ऐकतो आणि येतो, असं त्यांचं म्हणणं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी शहाणपणा दाखवला. म्हटलं, "आत्या, त्याला कान नसतात."

"कान न्हाईत तरी ऐकतंय, म्हंजी केवढं वस्ताद असंल ते!" आत्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली. माझी बी.एस्सी. त्या दिवशी तव्यावरच राहिली. अख्खं गाव त्यांच्याच बाजूचं. बेटाचं नावसुद्धा 'लांबड्याचं बेट'.

मामांना हा नाद लागला तो एकोणीस सालच्या महापुरात. तेव्हा त्यांनी याच काहिलीतून ओढ्याकाठच्या वस्तीतली माणसं दोन दिवस बाहेर काढली. बेट पाण्याखाली गेलं होतं, फक्त झाडांचे शेंडे दिसत होते. मामा अजून सांगतात, "एका फांदीवर नाग, दोन धामणी, चार दिवडं आन् शेजारी एक उंदीर. कुणी कुणाला हात लावंना. समदी पूरग्रस्तच की!" पूर ओसरल्यावर ते बघायला गेले की त्यातलं कोण कोण वाचलं. गेले ते गेलेच. रोज जायला लागले.

आत्यांचा याला विरोध होता का? होता, पण सोयीस्कर होता. "जावा तिकडं, लांबड्यात जाऊन बसा," असं म्हणत त्या डबा भरून देत. डब्यात चटणी-भाकरीबरोबर हळदीची पुडी असे. हळदीनं लांबडं जवळ येत नाही म्हणे. मामा ती पुडी खिशात ठेवत आणि आल्यावर न बोलता डब्यात परत टाकत. त्यांना लांबडं जवळ यायला हवं असायचं ना!

आता टॉवेलचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावर आहे.

नव्याण्णव सालच्या मे महिन्यात मामा कारगिलच्या डोंगरात होते. अठ्ठावीस दिवस पत्र नव्हतं. धैर्यशील पाच वर्षांचा. आत्या म्हशीला गवत आणायला बेटावर गेल्या होत्या; उन्हाळ्यात घाटाच्या वरच्या अंगाला पाणी गुडघाभर असतं. तिथं करंजाखाली त्यांना दोन धामणी एकमेकींना वेटाळून उभ्या राहिलेल्या दिसल्या. आमच्याकडे अशी जोडी दिसली की तिच्यावर कापड टाकतात. मनात इच्छा धरायची, कापड टाकायचं, जोडी निघून गेली की ते उचलून आणायचं आणि घरात जपून ठेवायचं. धुवायचं नाही. इच्छा पुरी होते म्हणतात. आत्यांकडे दुसरं काही नव्हतं. डोक्याला मामांचा जुना पांढरा टॉवेल बांधलेला होता, कोपऱ्यात काळ्या शाईनं त्यांचा फौजेतला नंबर. तोच सोडला आणि टाकला.

चौथ्या दिवशी पत्र आलं. भाद्रपदात मामा स्वतः आले, दोन हात दोन पाय शाबूत. तेव्हापासून तो टॉवेल आत्यांच्या ट्रंकेत आहे. धैर्यशीलची सुट्टी संपली की निघताना त्या तो बाहेर काढतात, त्याच्या बॅगेला लावतात आणि परत ठेवतात. मी बाजूला उभी राहून गालात हसायचे. शास्त्र शिकलेल्या माणसाला एवढं तरी करावंच लागतं.

गेल्या वर्षी मेच्या सुट्टीत मामा म्हणाले, "पोरी, येतीस का? सध्या लय हालचाल हाय." मला सापांची भीती वाटते हे मी शाळेत कुणाला कळू दिलेलं नाही, आणि घरातही कळू द्यायचं नव्हतं. म्हणून गेले.

पहिले दोन दिवस मी फक्त मुंग्या पाहिल्या. तिसऱ्या दिवशी मामांनी नुसती भुवई उडवली. करंजापुढच्या मोकळ्या जागेत दोन धामणी आल्या. आधी शेजारी शेजारी सरपटल्या, मग एकदम दोघींनी अंग उचललं. कंबरेएवढ्या उंच झाल्या. एकमेकींना पीळ घालत, झुलत, वाकत, पुन्हा उठत. पिवळट अंगावर सकाळचं ऊन आणि पाल्याची सावली. आवाज फक्त वाळक्या पानांचा. मी भीती विसरले. इतकं देखणं काही मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि हे आमच्या म्हशीच्या गवताच्या जागेत चाललं होतं! मी मोबाइल काढून व्हिडिओ घेतला आणि तिथल्या तिथं स्टेटसला टाकला: 'सापांची जोडी, आमच्या बेटावर!' बेटावर रेंज नसते. चाक नुसतं फिरत राहिलं. मी मोबाइल पिशवीत टाकला आणि विसरले.

पंचवीसेक मिनिटांनी एकीनं दुसरीला जमिनीला टेकवलं. टेकलेली सुटली आणि गुमान पाण्याच्या बाजूनं निघून गेली.

"कशी वाटली कुस्ती?" मामांनी विचारलं.

"कुस्ती?"

"दोघं गडी हायती. नर. मादी ती बघ, तिकडं निरगुडीत बसलीया. तिच्यासाठी चाललंय समदं, आन् ती बघत बी न्हाई."

त्याच्या तीन वर्षं आधी सांगलीहून सोनम नावाची एक मुलगी सापांचा अभ्यास करायला महिनाभर बेटावर येत होती. तिनं अशा चार जोड्या पकडून, तपासून मामांना दाखवल्या होत्या. आठच्या आठ नर. जोडी म्हणून लोक ज्यावर कापड टाकतात ती मुळात जोडीच नसते.

मी आनंदानं म्हटलं, "मामा, हे शाळेत सांगते! गावात सांगूया!"

मामांचा चेहरा उतरला. "गावात न्हाई. तुझ्या आत्याच्या कानावर जाईल. पंचवीस वरसं ती त्या टॉवेलाच्या जीवावर झोपतीया. मी तिकडं हुतो तवा बी, आन् आता पोरगं हाय तरी बी. तिला काय सांगू? तुझा टॉवेल मारामारीवर पडला हुता म्हणू? तीन वरसं गप हाय मी. तू बी गप ऱ्हा."

मी गळ्याची शपथ घेतली. काहील फिरत फिरत घाटाला लागली, माझ्या पिशवीतल्या मोबाइलला रेंज मिळाली, आणि माझं स्टेटस शांतपणे साऱ्या हिंगणवाडीला पोचलं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला घाटावर यात्रा भरली होती. सलूनवाला ज्योतिबा नवंकोरं धोतर घेऊन आला होता, दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती. शेजारच्या हरणाबाईंनी सुनेला मूल व्हावं म्हणून ब्लाउजपीस आणला होता. सरपंचांचा भाऊ वीरधवल गाडीचं सीटकव्हर काढून घेऊन आला होता. नवीन गाडी तीनदा ठोकली होती म्हणे.

"मेजर, जोडी कुठं हाय?" सगळे एकदम.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं मी वर्णन करणार नाही. मग ते काहिलीपुढे आडवे उभे राहिले, "कुणाला नेणार न्हाई. तिथं घोणस बी हाय," म्हणाले. पण वरच्या अंगाला पाणी गुडघाभर आहे हे गावाला काय नवीन? बायका लुगडी खोचून, पुरुष विजारी वर करून बेटात शिरले. करंजाखाली जोडी नव्हतीच. एवढ्या पायांच्या धक्क्यानं कोण थांबेल? लोक जाळ्या हलवायला लागले. ज्योतिबानं एक मोळी बाजूला सारली आणि आतून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला. घोणस.

मग जे झालं ते पाहून मला हसावं की रडावं कळेना. चाळीस माणसं एकाच वेळी पाण्यात. ज्योतिबाचं धोतर सुटलं, म्हणजे हातातलं, आणि प्रवाहाला लागलं. ते बहुतेक सांगलीच्या पुलापर्यंत गेलं असेल. देवाच्या कृपेनं कुणाला पान लागलं नाही. साप चावला असंही आमच्याकडे म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.

काठावर आल्यावर वीरधवलनं ओलं सीटकव्हर पिळत जाहीर केलं, "उद्या चार गडी आन् रॉकेल आणतो. झाडी पेटवू. बेट साफ झालं की जोडी उघड्यावर दिसंल, मग ज्येनं त्येनं निवांत कापड टाकावं." झाडी जाळल्यावर जोडी राखेत बसून कापडाची वाट बघेल, हे गणित तो कुठल्या शाळेत शिकला ते मला माहीत नाही. माझ्या नव्हे. पण लोकांनी माना डोलावल्या. संध्याकाळी पाचला मारुतीच्या देवळात बैठक ठरली.

दुपारी मामा जेवले नाहीत. ताटावरून उठून अंगणात गेले. मी मागोमाग गेले आणि आधी माफी मागितली. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

"असू दे. मोबाइलला काय कळतंय," मामा म्हणाले.

"मामा, खरं सांगून टाका. जोडी नाही, मारामारी आहे म्हटलं की कोण कशाला कापड टाकेल?"

"बेट वाचंल. टॉवेल जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"टॉवेल ऱ्हाईल. बेट जाईल." ते आपल्या हाताच्या पंजाकडे बघत म्हणाले, "तिकडं वर असताना मला लय येळा वाटायचं, हिकडं ही कशी झोपत असंल. आल्यावर इचारलं तर म्हणाली, टॉवेल हुता की. आता त्यो कसा काढून घेऊ मी तिच्यापास्नं, सांग बरं?"

सहा वर्षं रोज जपलेलं बेट एका बाजूला, आणि ज्या बाईला नुसतं "बरं हाय का" विचारायलाही हा माणूस आडून आडून विचारतो, ती दुसऱ्या बाजूला. मला त्या क्षणी मामांबद्दल इतकी माया वाटली की वडलांबद्दलसुद्धा कधी वाटली नसेल.

पाचला देवळात सगळं गाव. पुढे पुरुष, मागे बायका, बायकांत आत्या. मामा उठले. आधी म्हणाले, बेटावर घोणस आहे, जिवाला धोका आहे. वीरधवल म्हणाला, म्हणून तर पेटवायचं. मग म्हणाले, साप मारणं गुन्हा आहे, वनखातं केस करेल. ज्योतिबा म्हणाला, मारतंय कोण, आम्ही तर त्यांच्यावर कापड घालतोय. मग मामांनी उंदरांचं सांगितलं. साप गेले की उंदीर वाढतील, ऊस खातील. यावर थोडी चुळबुळ झाली, पण हरणाबाई मागून ओरडल्या, "आवं मेजर, उंदराला मांजर हाय. माझ्या सुनंला पोर कोण देणार?"

मामा थांबले. त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं आणि खाली मान घातली. तोफांच्या आवाजात न डगमगलेला माणूस देवळाच्या फरशीकडे बघत उभा होता.

आणि मागून आत्यांचाच आवाज आला. "आवं, बोला की. दुपारपास्नं घास उतरंना तुमच्या गळ्याखाली. काय दातात धरून बसलायसा?"

मामांनी मान वर केली. "ती जोडी न्हवं. नवरा-बायकू न्हाईत ते. दोघं बी नर हायती. मारामारी करत्यात."

एकच हशा पिकला. "मेजर, आमच्या आज्यापास्नं कापड टाकत्यात!" "दोघं गडी एकमेकाला मिठी मारून नाचतील व्हय?" मामा सोनमचं सांगायला लागले, तिनं कसं तपासलं ते सांगायला लागले, पण कोण ऐकतो! मी उठून दोन शास्त्रीय वाक्यं बोलले. ती मारुतीनंच तेवढी ऐकली.

तेव्हा मामा वैतागले. खरंच वैतागले, आणि वैतागात तोंडातून निघून गेलं, "अरं, भावकी हाय ती! बांधाचं भांडण हाय! माझी जागा का तुझी जागा, म्हणून एकमेकाला आडवं पाडत्यात. आन् त्याच्यावर टाकल्यालं कापड तुमी घरात नेऊन ठेवायला निघालाय!"

हशा तिथंच थांबला. हिंगणवाडीत असं एक घर नाही ज्याचं भावकीशी बांधावरून वाजलेलं नाही. जे शास्त्रानं झालं नाही ते त्या एका शब्दानं झालं. हरणाबाईंनी मांडीवरचा ब्लाउजपीस दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला. "आगं बया! घरात हाईत ती भांडणं काय कमी हाईत?"

वीरधवलचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. "आमच्या आईनं टाकल्यालं कापड तिजोरीत हाय," तो हळूच म्हणाला. "ब्याण्णव सालचं."

"आन् तुझ्या चुलत्यानं केस कवा घातली रं?" ज्योतिबानं विचारलं.

"ब्याण्णवलाच की!"

देवळाचं छप्पर उडेल असं लोक हसले. वीरधवल हसला नाही. तो उठला आणि तडक घरी गेला. तिजोरी उघडायला, हे सांगायला नको. त्याच्या मागोमाग आणखी दोघं-तिघं काहीतरी आठवल्यासारखे उठले. बेट पेटवायचा विषय पुन्हा कुणी काढलाच नाही. भावकीच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये एवढी अक्कल आमच्या गावाला आहे. ज्योतिबानं तर ठरावच मांडला की बेटावर कुणी जायचं नाही, जायचं तर मेजरनं. सगळ्यांनी हात वर केले.

मी उड्या मारायच्या बेतात होते. मागे वळून पाहिलं तर आत्यांची जागा रिकामी.

मामा आणि मी जवळजवळ पळतच घरी आलो. आतल्या खोलीत ट्रंक उघडी होती. आत्या खाली बसल्या होत्या, टॉवेल मांडीवर. दिवेलागणीची वेळ, पण त्यांनी दिवा लावला नव्हता. मामा उंबऱ्याशीच थांबले. त्यांची आत यायची हिंमत होईना आणि मला बाहेर राहवेना, म्हणून मी भिंतीला टेकून बसले.

"कवापास्नं ठावं हाय?" आत्यांनी विचारलं. मान वर न करता.

"तीन वरसं झाली."

"आन् बोलला न्हाईसा."

"कसं बोलू, बनू?"

मी त्यांच्या तोंडून आत्यांचं नाव पहिल्यांदाच ऐकलं. आत्यांनी टॉवेलची घडी उलगडली. कोपऱ्यातला नंबर फिका झाला होता, पण वाचता येत होता.

"मारामारी करत्यात म्हंजी काय करत्यात? चावत्यात एकमेकाला?"

"न्हाई. तोंड बी उघडत न्हाईत. नुसतं दाबत्यात. दमला त्यो खाली पडतो."

"आन् पडल्याला?"

"उठतो आन् जातो."

"मरत न्हाई कोण?"

"सा वरसं बघतोय मी. एक बी मेल्यालं बघितलं न्हाई. दोघं बी आपापल्या बिळात माघारी जात्यात."

आत्यांनी टॉवेलवरून हात फिरवला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू आलं, ते मला अजून दिसतं.

"मग मी त्या दिवशी आनिक काय मागितलं हुतं?" त्या म्हणाल्या. "असंच म्हटलं हुतं की मी. लढाई तर लागलीया, ती काय माझ्या हातात न्हाई. पर पोरं आपापल्या घरला माघारी जाऊ देत. आपली बी, आन् तिकडची बी. त्यांच्या बी आया असत्यात. बराबर जागी पडलाय की टॉवेल माझा!"

मामा उंबऱ्यावर खाली बसले. टोपी काढली, तोंडावर धरली आणि खांदे हलवत रडले. तिकडे वर त्यांच्या शेजारी बसलेले दोघं परत आले नव्हते, एवढंच मला धैर्यशीलकडून ठाऊक होतं. मामा त्याबद्दल कधीच बोलले नाहीत. आत्या त्यांच्याकडे गेल्या नाहीत. "रडा थोडं, बरं वाटंल," म्हणाल्या आणि टॉवेलची घडी घातली, चार पदरी, कडा जुळवून.

मग माझ्याकडे वळल्या. धैर्यशीलची सुट्टी दहा दिवसांनी सुरू होणार होती आणि महिन्यानं संपणार होती, हे त्या खोलीतल्या तिघांनाही पाठ होतं.

"हिकडं ये. आता ह्यो तुझ्या कपाटात ठेव," आत्या म्हणाल्या. "त्यो निघाला की बॅगेला तू लावत जा."

मी उठले, पदर खांद्यावर घेतला आणि दोन्ही हात पुढे केले.